‘पोलंडचा यहूदी’ आणि ‘घंटा’ : एका फ्रेंच नाटकाचीं दोन रूपें

स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे वरच्या वर्गांतील विद्यार्थी नाटकाच्या शोधास लागतात. यंदां कांहीं जणांनीं असा बेत केला कीं, एखादें परभाषेंतील नाटक घ्यावें, तें आपणच मराठींत उतरवावें आणि त्याचा प्रयोग करावा. बेत स्तुत्य होता. परंतु दोन प्रवेश लिहून होतात न होतात तोंच त्यांच्यांत वाद माजला. एक पक्ष म्हणे, मुळांत आहे तें शब्दशः आलें पाहिजे, नाहीं तर तें भाषांतर कसलें? दुसरा पक्ष म्हणे, समोर आपले आईबाप बसणार. त्यांस न पटणारें, न समजणारें घेऊन काय करावयाचें? वाद आमच्यापुढें आला. आम्हीं त्या वेळीं निकाल न देतां त्यांस एका नाटकाची हकीकत सांगितली. तीच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहों. कारण ती ऐकल्यावर मुलांचा प्रश्न जरा निराळाच झाला, आणि तो निराळा प्रश्न पालकांनींही विचारांत घेण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम अशा नाटकांच्या जातीविषयीं दोन शब्द. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रंगभूमीवर ‘मेलोड्रामा’ नांवाचा एक नाट्यप्रकार उदयास आला. ‘मेलॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ गीत. परंतु यावरून हा प्रकार म्हणजे आपल्याकडील संगीत नाटक असें कोणीं समजूं नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, त्यांत पात्रें स्वतः पदें गातात. मेलोड्रामांत पात्रें बहुधा बोलतात आणि वाद्यवृंद त्यांस साथ करितो: भयाचा प्रसंग आला कीं वाद्यांचा सूर बदलतो, निरपराध मुलगी रडूं लागली कीं तो करुण होतो. निष्पाप माणसावर आलेलें संकट, कोणीं तरी लपवून ठेविलेला अपराध, आणि शेवटीं त्याचा उलगडा, हा या नाटकांचा नेहमींचा सांगाडा. १८०० सालीं पिक्सेरेकूर या नाटककाराचें ‘सेलिना’ हें नाटक पॅरिस येथें फार गाजलें. दोनच वर्षांनीं, १८०२ सालीं, टॉमस हॉलक्रॉफ्ट यानें तें इंग्रजींत उतरविलें व लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाटकगृहांत त्याचा प्रयोग झाला. तेव्हांपासून पॅरिसमध्यें एखादें नाटक गाजलें कीं लंडनचे नाटकवाले त्याच्या मागें लागत. अशीं कितीएक नाटकें समुद्र ओलांडून आलीं आणि विस्मृतींत गेलीं. जीं लोकांच्या स्मरणांत राहिलीं त्यांपैकीं एकाची ही कथा आहे.

या नाटकाचें मूळ नांव ‘पोलंडचा यहूदी’ आणि त्याचे कर्ते एर्कमान-शात्रियां. हें एका माणसाचें नांव नसून दोघां मित्रांचें जोडनांव आहे. एमिल एर्कमान (१८२२–१८९९) आणि आलेक्सांद्र शात्रियां (१८२६–१८९०) हे दोघेही लोरेन प्रांताचे. आल्सास व लोरेन या सरहद्दीवरील प्रांतांतील साध्या खेडुतांचें जीवन त्यांनीं आपल्या कथांत जिव्हाळ्यानें रंगविलें आहे. ‘पोलंडचा यहूदी’ १८६९ सालीं पॅरिसच्या क्लूनी नाटकगृहांत झालें. त्याचें कथानक असें:

१८३३ सालच्या नाताळाची आदली रात्र आहे. आल्सासमधील एका खेड्यांतील सराईंत चार शेजारी शेकत बसले आहेत. बाहेर हिमवृष्टि चालली आहे. सराईचा मालक मातिस हा गांवचा मुख्य, म्हणजे आपल्याकडील पाटलासारखा आहे. त्याची गिरणी आहे, पैसा आहे, गांवांत मान आहे. एकुलत्या एका मुलीचें, ॲनेटचें, लग्न ठरलें आहे. आणि जांवई कोण, तर क्रिस्तियान नांवाचा पोलीस-दलांतील तरुण अंमलदार! बाहेरचें बर्फ पाहून शेजाऱ्यांस पंधरा वर्षांपूर्वींच्या अशाच एका रात्रीची आठवण होते. १८१८ सालच्या नाताळाच्या आदल्या रात्रीं पोलंडचा एक यहूदी व्यापारी घोड्याच्या बिनचाकी बर्फगाडींतून या सराईंत आला होता. त्याच्या कमरेच्या पट्ट्यांत सोन्याचीं नाणीं होतीं. तो थोडा वेळ थांबून निघून गेला, आणि पुढें कधींच कोणास दिसला नाहीं. त्याचा घोडा सांपडला, अंगरखा सांपडला. प्रेत मात्र सांपडलें नाहीं.

प्रेक्षकांस लवकरच कळतें कीं, खून मातिसनेंच केला. त्या वेळीं तो कर्जांत बुडाला होता व घर हातचें जाण्याची वेळ आली होती. त्यानें शेतांतून आडवाटेनें पुलापाशीं जाऊन यहूद्यास गांठलें, कुऱ्हाडीनें मारलें आणि त्याचें प्रेत चुन्याच्या भट्टींत जाळून टाकलें. त्या सोन्यावर त्याचें वैभव उभें राहिलें. आतां पोलीस-अंमलदार जांवई मिळाला म्हणजे उरलासुरला धोकाही टळेल, असा त्याचा हिशोब आहे. परंतु शेजारच्या शहरांत त्यानें मोहनिद्रेचे प्रयोग करणारा एक मनुष्य पाहिला आहे. तो माणसांस झोपवून त्यांच्या मनांतलें गुपित त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. तेव्हांपासून मातिसच्या मनास चैन नाहीं. शिवाय त्या रात्रीं बर्फगाडीच्या घोड्याच्या गळ्यांत जीं घुंगरें वाजत होतीं, त्यांचा आवाज त्याच्या कानांत अधूनमधून घुमूं लागतो. लग्नाचा करार होतो. त्या रात्रीं, झोपेंत आपण कांहीं बरळूं या भीतीनें तो एकटाच एका खोलींत निजतो व आंतून दार लावून घेतो. स्वप्नांत तो न्यायासनापुढें उभा आहे. तोच मोहनिद्रेचा जाणता त्यास झोपवितो, आणि मातिस सर्वांसमोर खुनाचा प्रत्येक क्षण पुन्हां करून दाखवितो. न्यायाधीश त्यास फांशीची शिक्षा सांगतात. सकाळीं दार फोडावें लागतें. मातिस मरतो, पण कां मेला हें घरच्यांस वा गांवास कधींच कळत नाहीं. एका सन्मान्य गृहस्थास अचानक मृत्यु आला, एवढेंच त्यांस ठाऊक.

आतां फ्रेंच लेखकांनीं हा मातिस कसा कल्पिला तें पाहूं. तो धूर्त व व्यवहारी खेडूत आहे. त्यास जें भय वाटतें तें मुख्यतः पकडले जाण्याचें. पहिल्या अंकाच्या शेवटीं सराईचें दार उघडतें आणि खरोखरीचाच एक यहूदी प्रवासी आंत येतो. तो दुसराच कोणी आहे. वाटेंत बर्फ लागलें म्हणून आश्रयास आला आहे. परंतु वेष तोच, ऋतु तोच, आणि आंत येतांच शांतीचा आशीर्वाद देण्याची रीतही तीच. त्यास पाहून मातिस कोसळतो. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, धक्का बाहेरून आला आहे. योगायोगानें एक मनुष्य दारांत आला नसता, तर कदाचित् मातिसची ती रात्र सुखानें गेली असती.

हें नाटक लंडनला गेलें तें १८७१ सालीं. त्याच वर्षीं फ्रान्स युद्धांत हरल्यामुळें आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला होता. म्हणजे ज्या भूमीचें चित्र नाटकांत होतें ती फ्रान्सच्या हातांत राहिली नव्हती. लंडनचें लायसियम नाटकगृह त्या वेळीं बेटमन नांवाच्या अमेरिकन चालकाकडे होतें आणि तें तोट्यांत चाललें होतें. त्याच्या मंडळींत हेन्री आयर्विंग नांवाचा तेहतीस वर्षांचा नट होता. आयर्विंगचा जन्म १८३८ सालीं सॉमरसेट परगण्यांत झाला. बाळपण कॉर्नवॉलमधील खाणींच्या मुलखांत मावशीच्या घरीं गेलें. १८५६ सालीं त्यानें या धंद्यांत पाऊल टाकलें आणि नंतर दहा वर्षें बहुतेक लंडनबाहेरच्या गांवांतून कामें केलीं. लिओपोल्ड लुईस या वकिलानें ‘पोलंडचा यहूदी’ इंग्रजींत उतरविलें होतें. आयर्विंगनें चालकास आग्रह करून तें नाटक घ्यावयास लावलें. थोड्याच दिवसांपूर्वीं त्याच नाटकाचें दुसरें एक इंग्रजी रूप लंडनमध्येंच पडलें होतें. तरीही त्याचा निश्चय ढळला नाहीं. २५ नोव्हेंबर १८७१ रोजीं लायसियममध्यें पहिला प्रयोग झाला.

इंग्रजी नाटकाचें नांव बदललें होतें. तें आतां ‘पोलंडचा यहूदी’ नव्हतें, तर ‘घंटा’ असें होतें. हा बदल आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. मूळ नांव मारल्या गेलेल्या माणसाचें आहे. नवें नांव मारणाराच्या कानांतील आवाजाचें आहे. नाटकाचें केंद्र बाहेरून आंत आलें. मुख्य पात्राचें नांवही मातिसचें मॅथियस झालें. आणि पहिल्या अंकाचा शेवट बदलला: दुसरा यहूदी आलाच नाहीं. त्याऐवजीं मॅथियस खोलींत एकटा आहे. त्याच्या कानांत घुंगरें वाजूं लागतात. आणि रंगभूमीच्या मागील भागीं प्रेक्षकांस एक दृश्य दिसूं लागतें. तो पूल, तें बर्फ, ती गाडी, गाडींत बसलेला यहूदी, आणि मागून कुऱ्हाड उगारलेला मॅथियस स्वतः! दार उघडलें नाहीं, कोणी आलें नाहीं. जें आलें तें त्याच्या स्वतःच्या मनांतून आलें. कथानक तेंच, प्रवेश बहुतेक तेच. परंतु एवढ्या फेरफारानें पकडले जाण्याच्या भयाचें नाटक हें सदसद्विवेकाचें नाटक झालें.

आयर्विंगनें तें कसें केलें याचीं वर्णनें त्या काळच्या प्रेक्षकांनीं लिहून ठेविलीं आहेत. त्यांतील एक पुष्कळांच्या लक्षांत राहिलें आहे. मॅथियस बाहेरून बर्फांतून घरीं येतो, खुर्चीवर बसतो आणि वांकून पायांतील जोड्यांच्या बकलांशीं कांहीं करीत असतो. शेजारी सहज पोलंडच्या यहूद्याची गोष्ट काढतात. आयर्विंग मान वर करीत नसे, दचकत नसे. फक्त त्याचे हात बकलावर थांबत. तेवढ्या थांबण्यानें सारें नाटकगृह स्तब्ध होई. मग दूर कोठें तरी घुंगरें वाजत. तो इतरांस विचारी कीं, तुम्हांस रस्त्यावर कांहीं ऐकूं येतें काय? कोणासच ऐकूं येत नसे. वाद्यवृंदाच्या संगीतासाठीं पॅरिसच्या क्लूनी नाटकगृहांतील सिंग्ला नांवाच्या संगीतकारास मुद्दाम लंडनला आणविलें होतें. म्हणजे स्वर फ्रेंच राहिले आणि अर्थ इंग्रजी झाला, असें म्हटलें तरी चालेल.

पहिल्या रात्रीं नाटकगृह भरलेलें नव्हतें. परंतु दुसऱ्या दिवसापासून लंडनभर त्याचीच चर्चा सुरू झाली, आणि ‘घंटा’चे लागोपाठ १५१ प्रयोग झाले. बुडत चाललेलें नाटकगृह सांवरलें. २९ ऑक्टोबर १८८३ रोजीं आयर्विंगनें न्यूयॉर्क येथें अमेरिकेंतील आपला पहिला प्रयोग केला तोही याच नाटकाचा. १८९५ सालीं त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली. नटास हा मान मिळण्याची इंग्लंडांतील ही पहिलीच वेळ होती. ज्या नाटकानें तो पुढें आला तें त्यानें अखेरपर्यंत सोडलें नाहीं. १२ ऑक्टोबर १९०५ रोजीं ब्रॅडफर्ड येथें त्यानें मॅथियसची भूमिका शेवटची केली, आणि दुसऱ्याच रात्रीं, निराळ्या एका नाटकांत काम करून परतल्यावर, त्याचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबींत त्याचें दफन झालें.

फ्रान्समधील प्रख्यात नट कोक्लां यानेंही ही भूमिका केली होती, आणि ती मूळ लेखकांच्या कल्पनेस धरून होती. त्याचा मातिस गुबगुबीत, आनंदी, आपल्या सुखांत मुरलेला खेडूत होता. त्यास भय होतें, पश्चात्ताप नव्हता. दोन देशांचे दोन थोर नट एकच पात्र इतक्या निराळ्या रीतीनें करितात हें पाहून टीकाकारांत वाद झाला. कांहींनीं म्हटलें, कोक्लांचें काम मुळाशीं प्रामाणिक आहे. असा मनुष्य खरोखरच जगांत असतो. दुसऱ्यांनीं म्हटलें, आयर्विंगनें त्या मनुष्याच्या आंत शिरून पाहिलें. आमच्या मतें दोघेही खरे आहेत. जगांत मातिसही आहेत आणि मॅथियसही आहेत.

येथपर्यंत सांगून आम्हीं मुलांस विचारलें, “या दोघांपैकीं अधिक दुःखी कोण?” बहुतेकांनीं मॅथियसचें नांव घेतलें. एका मुलीनें मात्र उठून विचारलें, “पण सर, मॅथियसला एवढा पस्तावा झाला होता, तर त्यानें कबूल कां नाहीं केलें? जांवई तर पोलिसांतलाच होता. घरांतच सांगतां आलें असतें.” हा प्रश्न आम्हांस नाटकापेक्षांही मोलाचा वाटला.

यावरून आम्हांस एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. पुष्कळ वर्षांपूर्वीं ग्रंथालयांतील एका सुंदर पुस्तकांतून रंगीत चित्राचें एक पान कोणीं तरी फाडून नेलें. चौकशी झाली, आम्ही वर्गांत फार रागावून बोललों, कोणी सांपडलें नाहीं. पुढें तो विद्यार्थी शाळा सोडून गेला. दोन वर्षांनीं एके दिवशीं संध्याकाळीं तो आमच्या घरीं आला आणि वहींत जपून ठेवलेलें तें पान त्यानें टेबलावर ठेविलें. तो म्हणाला, “सर, पहिले आठ दिवस पकडला जाईन म्हणून भीति वाटली. मग ती गेली आणि वाटलें, सुटलों. त्यानंतर दुसरेंच कांहीं तरी सुरू झालें.” इतके दिवस कां आला नाहींस असें विचारतां तो खालीं पाहून म्हणाला, “त्या दिवशीं तुम्ही फार रागावलां होतां.” आम्हीं तें पान डिंकानें जागच्या जागीं चिकटविलें. पुस्तक अजून ग्रंथालयांत आहे, जोड दिसतो. पण त्या एका वाक्यानें आम्हांस जें शिकविलें तें कोणत्याही पुस्तकानें शिकविलें नव्हतें.

पालकहो, आपण मुलांस केवळ शिक्षेचें भय दाखविलें, तर त्यांच्यांत फ्रेंच मातिस तयार होतो. तो अपराध टाळीत नाहीं. तो सांपडणें टाळतो, आणि प्रत्येक वर्षागणिक त्याचा हिशोब अधिक पक्का होतो. आपण त्यांच्या मनांत सदसद्विवेक जागा केला, परंतु आपल्या संतापानें कबुलीची वाट बंद करून टाकली, तर इंग्रजी मॅथियस तयार होतो. त्यास घुंगरें ऐकूं येतात, पण सांगावयास जावें असें एकही दार दिसत नाहीं. म्हणून तो स्वतःच आपल्या खोलीचें दार आंतून लावून घेतो. न्यायालय स्वप्नांत भरतें, शिक्षा स्वप्नांत होते, आणि क्षमा मात्र स्वप्नांतही येत नाहीं. घरांत व शाळेंत शिस्त असावीच. अपराधाची भरपाईही झाली पाहिजे. पण चुकलेलें मूल रात्रीं-अपरात्रीं येऊन ज्यावर थाप मारूं शकेल असें निदान एक दार तरी प्रत्येक घरांत असावें, आणि तें उघडणाऱ्या माणसानें आधीं ऐकून घ्यावें. नाताळाच्या आदल्या रात्रीं घडणाऱ्या या नाटकांतून आम्हांस तरी हेंच ऐकूं येतें.

आतां राहिला मुलांचा मूळचा वाद. लुईस आणि आयर्विंग यांनीं नाटकांत फेरफार केला, म्हणून फेरफार करावाच, असा याचा अर्थ नव्हे. पहिल्या पक्षास आमचें सांगणें असें कीं, शब्दाला शब्द ठेवल्यानें अर्थ येतोच असें नाहीं. इंग्रजी नांवाचें मराठी ‘घंटा’ असें आम्हींही या लेखांत केलें. परंतु हा शब्द ऐकून आपल्यास देवळाची किंवा शाळेची घंटा आठवते. नाटकांतला आवाज आहे गाडीच्या घोड्याच्या गळ्यांतल्या घुंगरमाळेचा. ज्यानें रात्रीच्या वेळीं दुरून येणारी बैलगाडी ऐकली आहे, ती दिसण्याच्या आधीं ऐकूं येते हें ज्यास ठाऊक आहे, त्याला तें नाटक ‘घुंगरें’ या एका शब्दानें अधिक कळेल. दुसऱ्या पक्षास आमचें सांगणें असें कीं, प्रेक्षकांस रुचावें एवढ्यासाठीं बदल करूं नये. पात्राच्या मनांत काय चाललें आहे हें आपल्यास मुळांत ज्या ठिकाणीं खरोखर दिसलें, तें प्रेक्षकांसही दिसावें यासाठीं जरूर तेवढाच बदल करावा. दोन्ही पक्षांनीं लेखणी हातीं घेण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: या माणसास भय कशाचें वाटतें? त्याचें उत्तर सांपडलें म्हणजे शब्द आपोआप सांपडतात.

मुलांनीं आपलें नाटक पुन्हां पहिल्या प्रवेशापासून लिहावयास घेतलें आहे. वाद अजून चालूच आहे. परंतु आतां तो शब्दांविषयीं नसून माणसांविषयीं आहे, आणि त्या वादास आमची हरकत नाहीं.